वारंवार ‘न्यूमोनिया’, वाढलेले इओसिनोफिल आणि बुरशीचा संशय

पत्र:

डॉक्टर, माझा मोठा भाऊ ४४ वर्षांचा आहे. शाळेत असल्यापासून दमा आहे, पण इनहेलरवर बरं चाललं होतं. गेल्या वर्षभरात त्याला तीनदा न्यूमोनिया झाला असं सांगण्यात आलं. पहिल्या एक्स-रेत उजवीकडे वरच्या बाजूला डाग होता. चार महिन्यांनी तो गेला आणि डावीकडे आला. आता पुन्हा उजवीकडेच दिसतोय. ताप दर वेळी नसतो. दर खेपेला अँटिबायोटिक आणि जोडीला दहा दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. दादा आठवड्यात ताजातवाना होतो आणि महिना-दीड महिन्यात खोकला परत सुरू. रक्तात इओसिनोफिल १,९०० आले होते. तेव्हा जंताची एक गोळी दिली आणि ‘अ‍ॅलर्जी आहे, असं होतं’ म्हणाले. कधीकधी खोकल्यातून तपकिरी, रबरासारखा कडक तुकडा पडतो. त्याला तो किळसवाणा वाटतो म्हणून तो कुणाला सांगत नाही, मला वहिनीकडून कळलं.

बुरशीच्या अ‍ॅलर्जीनेही फुप्फुसाचा असा आजार होतो, असं माझ्या वाचनात आलं. त्यांच्या झोपायच्या खोलीत एका भिंतीला ओल आहे, काळे डागही आहेत. वहिनी दर आठवड्याला ती ब्लीचने घासते. घरातल्या कुंड्याही तिने काढून टाकल्या. हे खरंच बुरशीमुळे असेल का? बुरशीवरच्या गोळ्या सुरू कराव्यात का? घर बदलावं का? मुलांना याची लागण होईल का? मी हे डॉक्टरांना विचार म्हटलं, तर दादा म्हणतो, ‘त्यांना मी शिकवू का?’

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे: तो तपकिरी, रबरी तुकडा. इओसिनोफिलचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा, आकडा महत्त्वाचा आहेच, पण तो वाढायला पन्नास कारणं असतात. दमा असलेल्या माणसाच्या खोकल्यातून तपकिरी कडक गठ्ठा पडतो, एक्स-रेतले डाग जागा बदलतात आणि स्टिरॉइडने माणूस झटक्यात सुधारतो. हे तिन्ही एकत्र आलं की छातीच्या डॉक्टरच्या मनात पहिलं नाव बुरशीचं यायला हवं. तेव्हा हो, तुमची शंका रास्त आहे. पण ती शंका आहे, निदान झालेलं नाही. आणि तिचा निकाल भिंतीवर लागणार नाही, रक्ताच्या तपासणीत आणि सीटी स्कॅनमध्ये लागेल. तोही स्टिरॉइडचा पुढचा कोर्स सुरू होण्याआधी तपासलं तरच नीट लागेल. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा.

या आजाराचं पूर्ण नाव अ‍ॅलर्जिक ब्रॉन्कोपल्मोनरी अ‍ॅस्परजिलोसिस. सगळे एबीपीए म्हणतात. १९५२ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. कारण ठरते ती बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस नावाची बुरशी. ही बुरशी काही दुर्मीळ नाही. माती, सडणारा पालापाचोळा, कंपोस्ट, गवताच्या गंज्या, धूळ, सगळीकडे असते. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे थेट लहान श्वासनलिकांपर्यंत पोचतील इतके बारीक. तुम्ही, मी, वहिनी, मुलं, आपण सगळेच ते रोज श्वासावाटे आत घेतो आणि आपली फुप्फुसं ते मुकाट्याने साफ करतात. अनेक बुरश्यांना माणसाच्या शरीराची ऊब सोसत नाही. हिला ३७ अंश अगदी मानवतं.

दम्याच्या काही थोड्या रुग्णांत मात्र गाडं इथेच अडतं. त्यांच्या श्वासनलिकांत कफ घट्ट असतो, साफसफाई मंद असते. बीजाणू त्या कफात अडकतात आणि तिथेच रुजतात. बुरशी फुप्फुसाच्या पेशीत घुसत नाही, कफातच राहते. पण शरीर तिच्यावर अ‍ॅलर्जीच्या मार्गाने तुटून पडतं. आयजीई नावाची प्रतिपिंडं ढिगाने तयार होतात, इओसिनोफिलना बोलावणं जातं आणि नलिकेत कफ, मेलेल्या इओसिनोफिल पेशी आणि बुरशीचे धागे यांचा घट्ट गठ्ठा बनतो. तो गठ्ठा नलिकेचं तोंड बंद करतो, पलीकडचा फुप्फुसाचा भाग हवेविना मिटतो आणि एक्स-रेत तो न्यूमोनियासारखा दिसतो. खोकल्यातून गठ्ठा निघाला की डाग गायब. दुसरीकडे नवा अडकला की तिकडे डाग. तुम्ही वर्णन केलेली ये-जा अशी होते. कधीकधी पडलेल्या तुकड्याला नलिकेच्या फाट्यांचा हुबेहूब आकार असतो, कारण तो त्या नलिकेचा साचाच असतो.

दादाला सांगा की किळस बाजूला ठेवायची. पुन्हा असा तुकडा पडला तर स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या डबीत घ्यायचा, पाणी किंवा जंतुनाशक काही घालायचं नाही आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यायचा. सोबत ‘बुरशीसाठी सूक्ष्मदर्शक तपासणी आणि कल्चर’ अशी डॉक्टरांची चिठ्ठी हवी, नाहीतर नुसतं जिवाणूंचं कल्चर करून अहवाल हातात देतात. तेवढं जमलं नाही तर मोबाइलवर फोटो तरी काढून ठेवा. एक खबरदारी: कफात बुरशी सापडली म्हणजे आजार सिद्ध झाला असं नाही आणि सापडली नाही म्हणून तो नाही असंही नाही. तो फक्त एक पुरावा.

आता इओसिनोफिल. प्रौढ माणसात ते साधारण ५०० च्या खाली असावेत. म्हणजे १,९०० ठळकपणे जास्त. बुरशीखेरीज आणखी काय काय असू शकतं, तेही पाहिलं पाहिजे, कारण त्यातल्या एक-दोन गोष्टी चुकल्या तर महाग पडतात.

जंत हा पहिला. एक गोळी घेतली म्हणजे जंतांचा विषय संपला, असं धरून चालू नका. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा मातीतून कातडीवाटे शिरणारा जंत वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, साध्या शौच तपासणीत अनेकदा निसटतो आणि नेहमीच्या अल्बेंडाझोलच्या एका गोळीने खात्रीने जात नाही. आणि अशा माणसाला स्टिरॉइडचा लांब कोर्स दिला तर तो अंगभर पसरून जिवावर बेततं. जिथे हा जंत आढळतो अशा भागात दादा कधी राहिला असेल, तर त्याची रक्तातली प्रतिपिंड तपासणी आधी व्हायला हवी. हत्तीरोगाच्या जंतामुळेही एक फुप्फुसविकार होतो. त्यात रात्री खोकल्याची उबळ येते आणि इओसिनोफिल बहुधा ३,००० च्या वर जातात. तो वेगळ्या औषधाने बरा होतो.

दुसरी गोष्ट औषधं. नायट्रोफ्युरँटॉइन, मिनोसायक्लिन आणि काही वेदनाशामकं यांनीही इओसिनोफिल वाढून फुप्फुसात डाग येतात. गेल्या वर्षभरात दादाने काय काय गिळलं त्याची यादी करा, आपणहून घेतलेल्या गोळ्यांसकट.

तिसरी ईजीपीए, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार. हाही दमेकऱ्यांनाच होतो. पायाला मुंग्या येतात का, पाऊल अचानक लुळं पडलं का, अंगावर जांभळट पुरळ आहे का, नाकात मांस वाढलंय का, छातीत धडधड होते का, हे दादाला थेट विचारा. यातलं काही असेल तर वाट पाहू नका, कारण तो आजार हृदयालाही धरतो. शेवटचा क्रॉनिक इओसिनोफिलिक न्यूमोनिया. त्याचे डाग बहुधा फुप्फुसाच्या कडेकडेने असतात आणि तोही स्टिरॉइडने झटकन विरतो. म्हणूनच ‘स्टिरॉइडने बरं वाटलं’ यावरून निदान करता येत नाही. यातल्या जवळजवळ सगळ्यांतच बरं वाटतं.

तपासण्यांकडे वळू. आधी एकच मागा: अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसविरुद्धची विशिष्ट आयजीई. ती ०.३५ च्या खाली आली तर या बुरशीचा एबीपीए जवळजवळ बाद होतो. ती वाढलेली असली तर एकूण आयजीई. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०१३ च्या निकषांत ही सीमा १,००० होती, २०२४ मध्ये ती ५०० वर आणली. या दोन्ही असतील, तर पुढच्या तीनपैकी किमान दोन गोष्टी लागतात: याच बुरशीविरुद्धची आयजीजी (दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं) वाढलेली, स्टिरॉइड नसताना ५०० किंवा जास्त इओसिनोफिल, आणि एक्स-रे किंवा सीटीत या आजाराला साजेसे बदल. इओसिनोफिलचा आकडा जुन्या अहवालातला असला तरी चालतो.

आयजीईच्या अहवालात आकड्याशेजारचं एकक जरूर बघा. आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर आणि किलोयुनिट प्रति लिटर हे एकच. पण काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅममध्ये लिहितात आणि एका आंतरराष्ट्रीय एककाचे २.४ नॅनोग्रॅम होतात. म्हणजे १,२०० नॅनोग्रॅम हे प्रत्यक्षात ५०० च आहेत. दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून ‘आयजीई दुप्पट झालं’ म्हणून घाबरलेले लोक मी पाहिलेत.

सीटी स्कॅन पातळ छेदांचा, एचआरसीटी, करायला सांगतील. त्यात मधल्या भागातल्या श्वासनलिका रुंदावलेल्या दिसतात का आणि त्यात अडकलेला कफ किती दाट आहे, हे पाहतात. कफ शेजारच्या स्नायूंपेक्षाही पांढरा दिसला, तर ती या आजाराची फार बोलकी खूण आहे. नलिका एकदा रुंदावल्या की पूर्ववत होत नाहीत. उशीर परवडत नाही तो यासाठी. ज्या देशांत क्षयरोग सर्रास आहे, तिथे याच डागांवर अनेकांना महिनोन्महिने क्षयाची औषधं चालतात. कफात जंतू न सापडता दादाला कुणी ती सुरू करायला सांगितली, तर हा सगळा प्रश्न तिथे नक्की उपस्थित करा.

आता वेळेचं गणित, जे मला सगळ्यात कळीचं वाटतं. स्टिरॉइडची गोळी घेतल्यावर काही तासांतच रक्तातले इओसिनोफिल खाली येतात. काही आठवड्यांत एकूण आयजीईही उतरू लागते. मग तपासणी केली की अहवाल गुळमुळीत येतो आणि सगळे म्हणतात, ‘काही विशेष नाही.’ दादाच्या बाबतीत बहुधा हेच चक्र चाललं असावं. त्याची फाइल घ्या, सगळे अहवाल तारखेवार लावा आणि एका कागदावर तीन रकाने करा: तारीख, इओसिनोफिलचा प्रत्यक्ष आकडा, त्या दिवशी स्टिरॉइड चालू होतं की नाही. टक्केवारी लिहू नका. ती पांढऱ्या पेशींच्या एकूण संख्येबरोबर हलते आणि फसवते. कोर्सच्या आधी १,९०० आणि मध्यावर ८० असं दिसलं, तर ते ८० म्हणजे औषधाचा परिणाम, आजार गेल्याची खूण मानू नका. मात्र आत्ता गोळ्या चालू असतील, तर तपासणीसाठी म्हणून त्या परस्पर बंद करायच्या नाहीत. डॉक्टरांनाच विचारून वेळ ठरवा. आणि धाप लागून जीव घाबरा झाला, तर तपासण्या गेल्या खड्ड्यात, स्टिरॉइड तातडीने घ्यायचं.

समजा विशिष्ट आयजीई वाढलेली आली, पण एकूण आयजीई २०० आहे आणि सीटी स्वच्छ. मग त्याला बुरशीची संवेदनशीलता आहे, एबीपीए नाही. दम्याच्या कितीतरी रुग्णांत असं असतं. तेव्हा एकाच अहवालावर ‘बुरशी निघाली’ असं घरात जाहीर करू नका. उलटही होतं. अ‍ॅस्परजिलस नकारात्मक आणि बाकी चित्र तंतोतंत जुळणारं असेल, तर क्वचित दुसऱ्या बुरशीने तसाच आजार होतो. तो शोधायला अनुभवी डॉक्टर लागतो.

बुरशीवरच्या गोळ्या आपणहून? अजिबात नाही, आणि कारण ठोस आहे. इट्राकोनॅझोल हे यात वापरलं जाणारं चांगलं औषध आहे. पण ते यकृतातल्या ज्या विकराला (एन्झाइमला) अडवतं, त्याच विकराने ब्युडेसोनाइड आणि फ्ल्युटिकासोन ही इनहेलरमधली स्टिरॉइडं निकामी होतात. विकर बंद पडला की इनहेलरचं एरवी निरुपद्रवी स्टिरॉइड रक्तात साठतं. चेहरा सुजतो, साखर वाढते आणि शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवणारी ग्रंथी झोपी जाते. मग औषध अचानक थांबलं की माणूस कोसळू शकतो. मिथाइलप्रेडनिसोलोनच्या गोळ्यांचंही तेच. दादाच्या इनहेलरवर काय लिहिलंय ते वाचा. बहुधा या दोनपैकी एक नाव असेल. शिवाय हृदय कमकुवत असलेल्यांना हे औषध चालत नाही, यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जुळत नाही. कॅप्सूल असेल तर जेवणासोबत घ्यायची आणि पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर ती अंगाला नीट लागतच नाही. तीही दादा घेत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

निदान पक्कं झालं, तर उपचार एकतर प्रेडनिसोलोन हळूहळू कमी करत साधारण चार महिने, किंवा इट्राकोनॅझोल तेवढाच काळ. कधी दोन्ही. दहा दिवसांचे तुटक तुकडे पुरत नाहीत. दर आठ आठवड्यांनी एकूण आयजीई बघतात. ती ५०० च्या खाली आणायचा हट्ट नसतो, बहुतेकांत ती येतही नाही. सुरुवातीच्या आकड्यापासून ठळक उतरली आणि डाग विरले की झालं. त्यानंतर जिथे स्थिरावते, तो त्याचा स्वतःचा आकडा. पुढे कधी ती त्याच्या दीडपट झाली आणि सोबत खोकला किंवा डाग आले, तर आजार परतला समजायचं. परततो तो, बऱ्याच जणांत. वारंवार परतला तर आयजीईला किंवा इओसिनोफिलना लक्ष्य करणारी इंजेक्शनं आहेत, पण ती पुढची पायरी. रोजचे इनहेलर मात्र कुठल्याही टप्प्यावर आपल्या मनाने सोडायचे नाहीत.

भिंतीबद्दल. वहिनींची तळमळ कळते, पण ब्लीच आधी थांबवा. त्या वाफांनी दम्याचा झटका येतो आणि आठवड्याला घासूनही डाग परत येतात, कारण पाणी मुरायचं थांबलेलं नाही. गळती शोधून बंद करा, प्लास्टरचा भाग मऊ पडला असेल तर खरवडून नव्याने करा, खोली हवेशीर ठेवा. ते काम चालू असताना दादा त्या खोलीत नको. तोवर त्याने झोपायलाही दुसरी खोली घ्यावी. यामुळे दमा सावरायला मदत होईल. आजार मात्र याने जाणार नाही, कारण बुरशी आता त्याच्या कफात आहे. आणि बीजाणू बाहेरच्या हवेतही असतातच, तेव्हा घर बदलून त्यांच्यापासून सुटका नाही. त्या खर्चात पडू नका. घरातल्या दोन-चार कुंड्यांनी फार फरक पडत नाही. कंपोस्ट उपसणं, ओला पाला झाडणं, वर्षभर बंद असलेली खोली साफ करणं ही कामं मात्र त्याने करू नयेत. करावीच लागली तर एन-९५ मास्क लावून.

मुलांना लागण होत नाही. माणसाकडून माणसाकडे हा आजार जात नाही.

राहिला दादाचा प्रश्न. डॉक्टरांना शिकवायचं नाहीच आहे. त्यांना तो तुकडा दिसलेला नाही आणि आधीचे एक्स-रे कदाचित दुसऱ्या कुणीतरी पाहिलेत. तेव्हा तो तीन रकान्यांचा कागद आणि तिन्ही फिल्म टेबलावर ठेवायच्या आणि एवढंच म्हणायचं: ‘डाग जागा बदलतायत, तपकिरी गठ्ठे पडतायत. एबीपीएसाठी अ‍ॅस्परजिलसची आयजीई करून घ्यावी का?’ बहुतेक डॉक्टर हे ऐकून स्वतःच पुढे सरसावतील. ‘नको’ म्हणाले तर ‘का’ ते विचारावं, कदाचित त्यांच्याकडे चांगलं कारण असेल. कारण न देता चौथा दहा दिवसांचा कोर्स लिहून दिला, तर छातीच्या तज्ज्ञाकडे जा. दादा एकटा गेला तर तुकड्याची गोष्ट पुन्हा गिळेल, म्हणून वहिनींना किंवा तुम्हाला सोबत जावं लागेल.

खोकल्यातून रक्त पडलं, ओठ निळसर दिसले किंवा बोलताना वाक्य पुरं होत नसेल, तर यातलं काहीही वाचत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा. एरवी अहवाल आले की मला कळवा, आयजीईचं एकक आणि रक्त घेतलं त्या दिवशी स्टिरॉइड चालू होतं का, हे दोन्ही लिहून.